बाजारातली मीटिंग, लांबची मीटिंग की मोबाईलवरची?

दारू सोडायचं ठरलंय, पण एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना) मीटिंगला कुठे जायचं ते ठरत नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी वेंगुर्ल्याकडचा. आपल्याच बाजारपेठेतली, दोन तालुके ओलांडून लांबची आणि मोबाईलवरची, अशा तिन्ही मीटिंगांना बसलो आहे. तिथल्या बारा पायऱ्या, म्हणजे सुटकेचे टप्पे, कुठल्या हे इथे सांगत बसत नाही. एक मात्र आधीच सांगतो. सकाळी घोट घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नसेल, तर मीटिंगच्या आधी डॉक्टर गाठा. अशा माणसाने एकदम तोडली तर फिट येते, भ्रम होतो, जीवावरही बेततं. घरच्यांना काही सुचत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे.

मीटिंग शोधताना कागदावरच्या वेळेवर विसंबू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जुन्या यादीतला पत्ता धरून एका शाळेपाशी पोचलो, तर खोलीला कुलूप. मीटिंगची जागा केव्हाच बदलली होती. तो रिकामा संध्याकाळचा तास मला फार महागात पडला. तेव्हा आधी एएच्या नंबरावर फोन करा. उचलणारा बहुतेक करून स्वतः पिऊन सुटलेलाच असतो, त्यामुळे लाजायचं कारण नाही. आणि सभा खुली आहे का, तेही विचारा. खुल्या सभेला बायको किंवा भाऊ सोबत बसू शकतात, बंद सभा फक्त आपल्यासारख्यांची.

मोबाईलवरची मीटिंग मी कमी लेखत नाही. भर पावसात रस्ता बंद पडतो तेव्हा तीच असते. बोटीवर किंवा परगावी कामाला असणाऱ्यांनाही तीच. बायकांसाठी तर मी तीच आधी सुचवीन, कारण आपल्याकडे पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या बाईने जाऊन बसणं अजून सोपं नाही, आणि ऑनलाइनवर फक्त बायकांच्या मीटिंगाही चालतात. माझं काय झालं ते सांगतो. काजूच्या हंगामात, हुर्राकाचे (काजूच्या बोंडांच्या दारूचे) दिवस होते, एका रात्री कॅमेरा बंद ठेवून मी पिऊन मीटिंगला बसलो. शेअरिंगसुद्धा केलं, म्हणजे माझी गोष्टही सांगितली. सगळ्यांनी आभार मानले. खोलीत असतो तर शेजारच्याला वास आला असता.

राहिल्या दोन. बाजारातली मीटिंग चालत दहा मिनिटांवर. लोक बघतील ही भीती मलाही होती. ती बायकोने एका वाक्यात घालवली. म्हणाली, "तुमका स्टँडार पडलेलो सगळ्यांनी बघल्यानी हा, आता सुदीत बसलेलो बघूदे." अडचण निघाली ती वेगळीच. तिसऱ्या की चौथ्या मीटिंगला समोरच्या खुर्चीत आमचा भाऊबंद येऊन बसला. आमचा बांधाचा दावा कोर्टात. तोही सोडायलाच आला होता, त्याचा माझ्याइतकाच हक्क. दारू सोडण्याची इच्छा याखेरीज एएत दुसरी अटच नाही. तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं, हेही तो पाळत होता, मला एकदाही त्रास झाला नाही. पण माझी पाळी आली की जीभ आखडायची. आईच्या पाटल्या मी विकल्या, हे मला सांगायचं होतं. त्या पाटल्या त्याच्या आजीने घातलेल्या, त्याला ओळखीच्या. मी "घरातली वस्तू विकली" एवढंच म्हणून बसलो. पुढच्या वेळी तेवढंही नाही. दीड महिना मी रोज हजर आणि रोज गप्प. शेवटी प्यायलोच.

तुमच्या बाजारात असं कुणी नसेल तर जवळची मीटिंग उत्तमच, उगाच लांब जाऊ नका. आपल्याकडे भावकी कुठे नसते, हा प्रश्न मात्र आहे.

लांबच्या मीटिंगचा त्रास लपवत नाही. अर्धा दिवस मोडतो, तिकिटाचे पैसे जातात, त्यामुळे आठवड्यातून एकदाच जमतं. बाकीचे दिवस मोबाईलवर बसतो, कॅमेरा चालू ठेवून. गावाचं नाव इथे लिहीत नाही. तिथे माझं पहिलं नाव तेवढं लोकांना माहीत आहे. दुसऱ्याच मीटिंगला मी पाटल्यांचं बोललो. सोन्याचा भाव काय मिळाला, त्यातले किती बारमध्ये गेले, आईने रिकाम्या मनगटावर पदर कसा ओढून घेतला, सगळं. कुणी सल्ला दिला नाही. एकाने वर्गणीची टोपली पुढे सरकवली, दुसरा बोलू लागला. मला ते पुरलं.

परतीचं मात्र सांभाळा. माझी मीटिंग साडेसहाला संपते आणि कुडाळहून गावात येणारी वस्तीची गाडी गाठायची असते. मध्ये फाट्यावर पाऊण तास उभं राहावं लागतं, समोर दोन बार. पहिल्या दिवशीच मी हे चहा पिताना बोलून गेलो. तेव्हापासून तिथला एक वयस्कर सदस्य, मला तो स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, म्हणून नंतर लाभला, माझ्याबरोबर फाट्यापर्यंत येतो. फार बोलत नाही. पावसात छत्री माझ्या बाजूला धरतो आणि गाडी हलली की मगच मागे वळतो.