गर्दी मोजायची कशी: माणूस ओळखून की घनतेच्या नकाशाने?

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासारखी ठरलेली वाट असेल, तर चित्रात प्रत्येक माणूस वेगळा शोधणारं योलो हे संगणकाचं मॉडेल आणि त्या माणसाचा चित्रामागून चित्रात माग ठेवणारा ट्रॅकर पुरतात. कॅमेरा वरून जवळजवळ सरळ खाली रोखायचा, चित्रावर रेघ आखायची आणि ती ओलांडणारे आत-बाहेर मोजायचे. सेकंदाला १०-१५ फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली चित्रं, हव्यात. कमी पडल्या की माग तुटतो आणि माणूस मोजायचा राहतो किंवा दोनदा मोजला जातो.

गणपती विसर्जनाच्या रात्री पुण्याच्या बेलबाग चौकात ही पद्धत वापरूच नये. डोकी एकमेकांआड जातात, आकडा घसरतो, आणि तोही धोका वाढत असतानाच! तिथे सीएसआरनेटसारखं घनता-नकाशाचं मॉडेल लावा. ते माणसं वेगवेगळी शोधत नाही. चित्राच्या प्रत्येक भागाला घनता देतं, तिची बेरीज म्हणजे माणसं. सेकंदाला एक फ्रेमही चालते. दिशा मात्र कळत नाही, आणि ढोल-ध्वजांनाही ते डोकी समजू शकतं. म्हणून त्याच कॅमेऱ्याच्या, रात्रीच्या रोषणाईतल्या फ्रेमवर डोकी हाताने खुणावून मॉडेल पुन्हा शिकवावं.

चित्रातला कुठला भाग म्हणजे किती चौरस मीटर, हा हिशेब जमिनीच्या पातळीवरून नको, डोक्यांच्या उंचीवरून, साधारण दीड मीटरवरून करा. नाहीतर गर्दी नकाशावर मागे सरकलेली दिसते. एकूण आकडा दुय्यम. नकाशावर आखलेल्या कुठल्याही चौकटीत चौरस मीटरला ४ माणसं झाली, की मागचा प्रवाह लगेच वळवा.