स्प्रिंग रिटर्न ॲक्चुएटर : संत्र्याच्या पॅकहाउसमधील डॅम्परसाठी बेलिमो एनएफ२४ए

वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याचे पॅकहाउस चालवणाऱ्या आणि खोल्यांचे हवेचे डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेवरच्या फिरत्या पट्ट्यांच्या झडपा, आपोआप उघड-बंद व्हावेत म्हणून मोटर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने किमतीची चौकशी करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे. लाईन गेली की पट्ट्या उघड्या राहायला हव्यात की मिटलेल्या? साधी मोटर वीज गेल्यावर आहे त्या जागी थांबते. स्प्रिंग रिटर्न ॲक्चुएटर विजेवर डॅम्पर फिरवतानाच आतली स्प्रिंग ताणून ठेवतो आणि वीज तुटली की ती स्प्रिंग पट्ट्यांना ठरलेल्या जागी परत नेते. त्यासाठी साध्या मोटरपेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागतात, पण आमच्याकडे भारनियमन आणि वादळी पावसात तुटणाऱ्या तारा यांचा जो अनुभव रोज येतो, तो पाहता हा खर्च रास्त आहे. बेलिमो या स्विस कंपनीचा एनएफ२४ए आम्ही आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन्ही बहारांच्या (वर्षातील दोन पिकांच्या) हंगामात वापरला असून त्याच्याबद्दल माझे मत चांगले आहे. मात्र त्याचा उपयोग पूर्णपणे तो कसा बसवला यावर अवलंबून आहे.

आंबिया बहाराचे फळ हंगामाच्या सुरुवातीला आतून गोड झालेले असते, तरी रात्री पुरेशा थंड नसल्याने साल हिरवी राहते. अशा फळाला रंग यावा म्हणून त्याला बंद खोलीत, उबदार आणि दमट हवेत, अगदी अल्प प्रमाणात इथिलिन वायू दिला जातो. फळ श्वसन करते, त्यामुळे खोलीत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि तो वाढला की रंग येण्याची क्रिया मंदावते. म्हणूनच ताज्या हवेचा डॅम्पर ठरावीक वेळाने उघडावा लागतो. वीज गेली, पंखे थांबले आणि डॅम्पर मिटलेलाच राहिला, तर फळाचे नुकसान होतेच, शिवाय कोंडलेल्या हवेत क्रेट हलवायला शिरणाऱ्या मजुराच्या जिवालाही धोका होतो. या खोलीसाठी उत्तर स्पष्ट आहे: वीज गेली की डॅम्पर उघडला पाहिजे. पंखा बंद असताना उघड्या डॅम्परमधून हवा फारशी खेळत नाही, म्हणून आत जाण्यापूर्वी दार पूर्ण उघडून काही वेळ थांबणे हा नियम ॲक्चुएटर बसवल्यावरही सोडू नये.

शेजारच्या शीतखोलीचे गणित याच्या अगदी उलटे आहे. मृग बहाराचा माल निघतो तेव्हा ऊन तापू लागलेले असते आणि वीज गेल्यावर बाहेरची हवा आत घेणारा डॅम्पर उघडा राहिला, तर जनरेटर सुरू होईपर्यंत खोलीतला गारवा निघून जातो. तेथे वीज गेली की डॅम्पर मिटलाच पाहिजे. एनएफ२४ए ची मला सर्वांत आवडलेली गोष्ट याच ठिकाणी उपयोगी पडते. त्याच्या एका बाजूवर ‘एल’ आणि दुसऱ्या बाजूवर ‘आर’ अशी खूण असते, आणि कोणती बाजू समोर ठेवून तो डॅम्परच्या पट्ट्या फिरवणाऱ्या दांड्यावर चढवला यावरून स्प्रिंग कोणत्या दिशेने फिरणार हे ठरते. एकच वस्तू दोन्ही खोल्यांना चालते आणि सुटी म्हणून एकच नग ठेवला तरी भागते. अर्थात, याच सोयीमुळे घोटाळाही होऊ शकतो. आमच्याकडे ज्या ठेकेदाराने पहिल्यांदा काम केले, त्याने दोन्ही खोल्यांवर ॲक्चुएटर एकाच बाजूने चढवून दिले आणि पॅनलवरचे हिरवे दिवे दाखवून काम पूर्ण झाल्याचे सांगितले. वीज असताना दोन्ही डॅम्पर बिनचूक चालत होते. चूक दिसण्यासाठी वीज जावी लागते. आमच्या वायरमनने मेन स्विच खाली ओढला आणि रंगाच्या खोलीच्या पट्ट्या डोळ्यांदेखत मिटत गेल्या, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “भाऊ, हे तं उलटं बसवलं.” काम ताब्यात घेण्यापूर्वी प्रत्येक डॅम्परची अशी चाचणी स्वतःसमोर करून घ्यावी, पॅनलवरील दिव्यांवर विसंबू नये.

निवड करताना पिळाचा, म्हणजे फिरवण्याच्या ताकदीचा (टॉर्क), हिशेब पाहावा. एनएफ२४ए १० न्यूटन-मीटरचा असून सुमारे २ चौरस मीटरपर्यंतच्या डॅम्परसाठी आहे. लहान डॅम्परसाठी याच कंपनीचा ४ न्यूटन-मीटरचा, तर मोठ्यासाठी २० न्यूटन-मीटरचा नग मिळतो. गावाजवळच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेले डॅम्पर बहुधा जड चालतात. म्हणून ॲक्चुएटर चढवण्याआधी पट्ट्या हाताने फिरवून पाहाव्यात आणि कुठे घासत असल्यास ते आधी दुरुस्त करावे. अडखळणाऱ्या डॅम्परवर जास्त ताकदीचा ॲक्चुएटर लावणे हा उपाय नव्हे. दांडा गोल असेल तर त्याचा व्यास १० ते २५.४ मिलिमीटरच्या आत असावा.

बसवताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली म्हणजे ॲक्चुएटर स्वतःभोवती फिरू नये म्हणून लावायची पट्टी. ॲक्चुएटरचा सगळा भार दांड्यावरच्या क्लॅम्पवर असतो आणि ही पट्टी केवळ त्याला फिरण्यापासून रोखते, त्यामुळे तिच्या खाचेत थोडी मोकळीक राहायला हवी. मिस्त्री मंडळींना प्रत्येक नट करकचून आवळण्याची सवय असते. तसे केल्यास किंचित वाकड्या दांड्याचा ताण थेट आतल्या गिअरवर येतो. दुसरी गोष्ट मिटणाऱ्या डॅम्परची आहे. ॲक्चुएटर एकूण ९५ अंशांपर्यंत फिरतो, डॅम्परला मात्र ९० अंश पुरतात. उरलेल्या ५ अंशांचा उपयोग पट्ट्या रबरी किनारीवर दाबून बसवण्यासाठी होतो. शीतखोलीत स्प्रिंगने डॅम्पर मिटवायचा असल्याने, सोबत मिळणाऱ्या हँडलने ॲक्चुएटर सुमारे ५ अंश पुढे फिरवून घ्यावा, डॅम्पर पूर्ण मिटवावा आणि मगच क्लॅम्पचे नट आवळावेत. हे न केल्यास डॅम्पर मिटलेला दिसतो, पण फटीतून गरम हवा येतच राहते.

सुरक्षिततेच्या बाबतीत या यंत्राची सवय करून घ्यावी लागते, कारण आपल्या वायरमनच्या हाताला नेमके उलटे वळण पडलेले असते. एमसीबी (पॅनलमधला वीज तोडणारा स्विच) पाडला की यंत्र निर्जीव झाले असे आपण मानतो. येथे एमसीबी पाडल्यानेच पट्ट्या हलू लागतात आणि २० सेकंदांच्या आत आपल्या ठरलेल्या जागी पोहोचतात. त्या वेळी पट्ट्यांमध्ये बोटे असतील, तर १० न्यूटन-मीटरची पकड ती चिरडू शकते. म्हणून वीज तोडल्यावर पट्ट्या पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नये. पट्ट्यांमध्ये काम करायचेच असेल, तर त्या लाकडी ठोकळ्याने अडवाव्यात आणि एमसीबीवर ‘चालू करू नये’ अशी पाटी टांगावी. हँडलने डॅम्पर हव्या त्या जागी नेऊन कुलूपबंद करता येतो, पण या कुलपावर भरवसा ठेवून हात आत घालू नये, कारण वीज परत येताच ते आपोआप सुटते. ॲक्चुएटरचे आवरण तर कोणत्याही कारणाने उघडू नये. आत ताणलेली स्प्रिंग असते आणि बिघडलेला नग बदलायचाच असतो.

एनएफ२४ए २४ व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याच्या आधी ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो आणि प्रत्येक नगामागे ८.५ व्होल्ट-अँपिअरचा भार धरावा लागतो. फिरताना तो सुमारे ६ वॅट आणि थांबून राहताना सुमारे अडीच वॅट वीज घेतो. रात्री विजेचा दाब कमी-जास्त होणाऱ्या खेड्यात मी मात्र एनएफए हा भाऊबंद नग सुचवेन, कारण तो २४ ते २४० व्होल्टपर्यंतच्या एसी पुरवठ्यावर चालतो आणि ट्रान्सफॉर्मरची कटकट उरत नाही. स्प्रिंगच्या परतीचे आयुष्य कंपनी किमान ६०,००० वेळा सांगते. वीज दिवसातून २० वेळा गेली, तरी हा आकडा आठ वर्षांहून अधिक पुरतो. पंख्याचा डॅम्पर असेल, तर आतच दोन स्विच असलेला एस२ प्रकार घ्यावा. मोटरला डॅम्पर पूर्ण फिरवायला ७५ सेकंदांपर्यंत लागतात आणि जनरेटर सुरू होताच पंखा मिटलेल्या डॅम्परवर हवा ओढू लागला, तर पातळ पत्र्याचा डक्ट पिचकतो. स्विचमधून जोडणी केली की पट्ट्या उघडल्याशिवाय पंख्याला वीज मिळत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. हा नग ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी आहे. मे महिन्यात विदर्भात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, मग टिनाच्या छताखाली, छताला लागून बसवलेल्या ॲक्चुएटरची काय स्थिती होत असेल याचा विचार करावा. आम्ही तो छतापासून खाली, भिंतीच्या बाजूला घेतला आणि वर पत्र्याची सावली दिली. आवरण धूळ आणि शिंतोडे सहन करते, पण प्रतवारीची जागा धुताना प्रेशरच्या पाइपची धार त्यावर मारू नये. वायर उंदरांच्या वाटेत येत असल्याने ती लोखंडी पाइपमधूनच न्यावी. आणि हिंगणघाट किंवा वणीकडच्या जिनिंगवाल्यांनी हा नग आगीच्या डॅम्परवर लावू नये. त्यासाठी ७२ अंशांवर स्वतःहून तुटणारा फ्यूज असलेले वेगळे ॲक्चुएटर येतात आणि कापसाच्या धुळीत तेच हवेत.

आम्हाला तो नागपूरमार्गे मागवावा लागला, त्यामुळे हंगामाच्या ऐन धामधुमीत बिघाड झाला तर माल येईपर्यंत खोळंबा होतो. एक सुटा नग आणि हँडल पॅनलच्या कपाटात ठेवावे. चाचणीसाठी दर महिन्याला मेन स्विच पाडून प्रत्येक डॅम्पर मोबाइलच्या घड्याळावर मोजावा, आणि २० सेकंदांहून जास्त वेळ लागू लागला की स्प्रिंगला दोष देण्याआधी पट्ट्यांच्या बिजागऱ्यांत साचलेली धूळ आणि कुंभारमाशीची घरटी काढून पाहावीत.