टायटनफॉल २ : दोन बलाढ्य नावांच्या मध्ये झाकोळलेला शूटर गेम

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी रिस्पॉन एंटरटेनमेंट या कंपनीचा 'टायटनफॉल २' हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम बाजारात आला, तेव्हा त्याच्या आठवडाभर आधी 'बॅटलफील्ड १' आणि आठवडाभराने 'कॉल ऑफ ड्यूटी'चा नवा भाग असे याच प्रकारचे दोन बलाढ्य गेम आले. या कोंडीत इतका सुंदर गेम पुष्कळांच्या नजरेतून निसटला, याची मला आजही हळहळ वाटते. जॅक कूपर हा साधा सैनिक आणि बीटी-७२७४ हा त्याचा महाकाय यंत्रसाथी यांची मैत्री जेमतेम सहा तासांच्या कथेत अशी फुलते की शेवटी डोळे पाणावतात.

'इफेक्ट अँड कॉज' ही मोहीम तर मी तीनदा खेळलो. मनगटावरील यंत्राचे एकच बटण दाबताच उद्ध्वस्त प्रयोगशाळेतून आपण त्याच जागी, पण भूतकाळात पोहोचतो, आणि भिंतीवरून धावता धावता, हवेत असतानाच काळ बदलून पुढची भिंत गाठावी लागते. ही कल्पना गेम पुन्हा वापरत नाही, आणि मला तो संयम फार मोलाचा वाटतो. खलनायक मात्र उथळ आहेत. मल्टिप्लेअर, म्हणजे इतर खेळाडूंसोबत ऑनलाइन खेळायचा भाग, वेगवान असून नवख्याला सुरुवातीला जड जाते. म्हणून आधी कथाच पूर्ण करावी.