फिल्ममेकिंगचा 'शंभर टक्के प्रॅक्टिकल' डिप्लोमा आणि माझे १,७९,६०० रुपये

आकडा आधी सांगते. घरात, नातेवाइकांत, पोलीस ठाण्यात तो मी नेहमी खाली मान घालून सांगितला, आता एकदा सगळ्यांसमोर सांगायचाय. १,७९,६०० रुपये. एका फिल्म क्लासला गेलेले. नोंदणीचे ५,०००. प्रवेशाच्या दिवशी यूपीआयने ४०,०००. 'बिनव्याजी हप्ते' म्हणून माझ्या आणि बाबांच्या नावावर चढवलेलं कर्ज १,०५,०००, त्याची प्रोसेसिंग फी २,१००. 'इक्विपमेंट डिपॉझिट' २०,०००, जे परत मिळणार होतं. आणि अगदी शेवटी, आमची फिल्म फेस्टिव्हलला पाठवायची म्हणून ७,५००. ती फिल्म कधी पूर्णच झाली नाही. पैसे मात्र गेले.

इन्स्टावरची जाहिरात, मोफत डेमो, 'शेवटच्या तीन सीट', 'आज भरलं तर सवलत', हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी बावळट नाही. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजात कॅमेरा एक, तोही कपाटात कुलूपबंद, आणि चावी ज्यांच्याकडे ते सर कायम मीटिंगमध्ये. सबमिशनसाठी आम्ही फोनवर शूट करायचो आणि डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत कापायचो. एफटीआयआयच्या (पुण्याची सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) दिग्दर्शन-छायाचित्रणाच्या मोठ्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, आणि पदवी झाल्यावरही जागा मोजक्याच. मग हातात खरा कॅमेरा येणार कुठे? या क्लासवाल्यांना आमची हीच गरज पाठ होती. 'थिअरी कॉलेजात शिका, प्रॅक्टिकल आमच्याकडे' ही त्यांची ओळ. दुसरं काही बोलले असते तर मी फिरकलेही नसते.

आता तो क्षण. डेमोच्या दिवशी मोठ्या पडद्यावर 'मागच्या बॅचची डिप्लोमा फिल्म' म्हणून शोरील (निवडक शॉट्सची फीत) दाखवली. रात्रीचा रस्ता, पाऊस, गाडीत बसलेला माणूस, काचेवर निऑनचे रंग. खरंच सुंदर. पण गाडीचं स्टीअरिंग डाव्या बाजूला होतं. मी हात वर करून विचारलं. संचालक अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "शाब्बास, तुझी नजर चांगली आहे. शॉट फ्लिप केलाय. आधीच्या शॉटमध्ये गाडी डावीकडून उजवीकडे जात होती ना, स्क्रीन डायरेक्शन तुटू नये म्हणून एडिटवर मिरर केला. १८० अंशांचा नियम माहीत आहे का तुला?" माहीत होता. कॅमेरा पात्रांच्या एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे पडद्यावरची दिशा उलटत नाही. आणि दिशा सांभाळायला शॉट उलटवतात, हेही खरं आहे. म्हणून मी खाली बसले. शेजारच्या मुलींनी कौतुकाने बघितलं.

त्याच शॉटमध्ये थोडं पुढे त्याच गाडीची नंबर प्लेट दिसली. सरळ. वाचता येईल अशी. शॉट उलटवला असता तर अक्षरं उलटी दिसली असती, एवढं तिसरीतल्या पोरालाही कळेल. मी ती प्लेट पाहिली. आजही ती डोळ्यांसमोर जशीच्या तशी येते आणि तळपायाची आग मस्तकात जाते. ते परदेशी स्टॉक फुटेज होतं, विकत घेतलेलं किंवा उचललेलं. एकाही विद्यार्थ्याने त्यातली एक फ्रेमही शूट केलेली नव्हती. पण त्याने नुकतंच सगळ्यांसमोर माझं कौतुक केलेलं. एकोणीस वर्षांच्या मुलीने त्यानंतर पुन्हा हात वर करावा, ही अपेक्षा कोणी करत असेल तर खुशाल करावी. तिथे चाळिशीतले पालकही बसले होते, त्यांच्यातलंही कोणी उठलं नाही.

म्हणून हे पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं: कुठल्याही फिल्म क्लासमध्ये शोरील बघू नका, रशेस मागा. म्हणजे न कापलेलं, कच्चं फुटेज. क्लॅप लागतोय, मागून कोणीतरी 'रोलिंग' ओरडतंय, टेक बिघडतोय, बूम (लांब काठीवरचा माइक) फ्रेममध्ये येतोय, असं. शोरील कुठूनही आणता येते. मागच्या बॅचच्या पोरांचे चेहरे आणि क्लॅपवरची नावं असलेले रशेस कुठल्याही स्टॉक साइटवर मिळत नाहीत. देत नसतील तर चप्पल घालून निघा.

डेमोला एक सिनेमा कॅमेरा ठेवला होता. मॅट बॉक्स, फॉलो फोकस, सगळा साज. बाजूला चिकटवलेला बारकोड आणि यादी क्रमांकाचा स्टिकर मी पाहिला होता. असे स्टिकर भाड्याने देणारे रेंटलवाले लावतात, हे नंतर कळलं. प्रवेश झाल्यावर तो कॅमेरा आम्हाला पुन्हा दिसलाच नाही. 'सर्व्हिसिंगला गेलाय.' आमच्या वाट्याला आला एक जुना डीएसएलआर, एक किट लेन्स, एकच बॅटरी. विद्यार्थी चौतीस. बॅटरी संपली की प्रॅक्टिकल संपलं. डिपॉझिट प्रत्येकी २०,००० गुणिले चौतीस, म्हणजे ६,८०,०००. त्या पैशात काय काय येतं ते कोणत्याही कॅमेऱ्याच्या दुकानात विचारा.

शिकवलं काय? शटर स्पीड फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचा, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० किंवा १/१०० ठेवला तर ट्यूबलाइट फ्लिकर होत नाही. थ्री पॉइंट लायटिंग (तीन दिव्यांची प्रकाशयोजना), फळ्यावर चित्र काढून. हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे. ध्वनीचं तर नावच नाही. लोकेशनवर अर्धा-एक मिनिट रूम टोन (कोणी बोलत नसताना तिथे येणारा आवाज) रेकॉर्ड करून ठेवावा लागतो, नाहीतर एडिटला संवादांच्या मधल्या फटी भरता येत नाहीत, हे मला या 'साउंड डिझाइन मॉड्यूल'मधून नाही, नंतर एका असिस्टंट रेकॉर्डिस्ट दादाकडून कळलं. आणि कार्ड फॉरमॅट करण्याआधी फुटेजच्या दोन-तीन प्रती काढायच्या, हे तर आमच्या 'फॅकल्टी'लाच माहीत नव्हतं. आमच्या फिल्मचं पहिल्या दिवसाचं शूट त्यांनीच उडवलं.

आणि आता लग्नं. हे लिहिताना हात थरथरतो. दुसऱ्या महिन्यापासून 'लाइव्ह प्रॅक्टिकल' सुरू झालं. पहाटे हॉलवर पोहोचायचं, लाइट स्टँड वाहायचे, रिफ्लेक्टर धरायचा, केबल गुंडाळायच्या, रात्री उशिरा घरी. कॅमेरा संचालकाच्या भावाकडे. कंपनीचे कॉर्पोरेट व्हिडिओ, एका शाळेचं स्नेहसंमेलन, डोहाळजेवण, सगळं प्रॅक्टिकल. हे सगळे त्यांचे पैसे घेऊन केलेले ऑर्डर होते आणि आम्ही फी भरून त्यांच्याकडे हमाली करत होतो. एका लग्नात नवरीच्या काकांनी मला सहज विचारलं, "तुम्हाला दिवसाचे किती देतात गं?" मी म्हटलं, आम्ही स्टुडंट आहोत. त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. प्रॅक्टिकलच्या नावाखाली क्लायंटचं काम करायला लावत असतील तर एकच विचारा: या कामाचं बिल कोणाच्या नावाने फाटतंय?

चौथ्या महिन्यात वर्ग 'तात्पुरते ऑनलाइन' झाले. पाचव्यात फेस्टिव्हलचे ७,५०० मागितले. मग फोन उचलणं बंद, आणि एक दिवस जागेवर दुसऱ्याच कोणाची तरी पाटी.

भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग होती म्हणून बाबांनी विश्वास ठेवला. 'भारत सरकार' छापलेलं, वर अशोकस्तंभ. ते उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योगाने स्वतःच ऑनलाइन भरलेली माहिती, तीही फुकट. तिचा शिक्षणाच्या दर्जाशी काडीचा संबंध नाही. आयएसओ प्रमाणपत्रानेही कोर्सला सरकारी मान्यता मिळत नाही. 'सरकारमान्य' म्हटलं की विचारा, कोणत्या विद्यापीठाची संलग्नता, कोणत्या मंडळाची मान्यता, आणि मग त्या विद्यापीठाच्या यादीत स्वतः नाव शोधा. बाबा बँकेचं पासबुकही नीट वाचणारा माणूस, त्यांनी माझ्यासाठी आरडी मोडली. त्यांना कोणी हसलं तर मला सहन होत नाही.

आता यंत्रणेबद्दल. फसवणारा फसवतो, तो त्याचा धंदाच आहे. पण ज्यांचं काम आपल्याला वाचवणं आहे त्यांनी जे केलं त्याची चीड जास्त येते. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "वर्ग झाले ना? मग फसवणूक कुठे? हे सिव्हिल मॅटर आहे." लग्नांचं सांगितलं तर म्हणे, "अनुभव मिळाला की." लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत. तिथून सायबरकडे पाठवलं, तिथे म्हणाले, तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जाऊन पैसे दिलेत, हे सायबर नाही, ठाण्यातच जा. विद्यापीठाने सांगितलं, आमची संलग्नता नाही, म्हणजे आमचा प्रश्न नाही. अरे, संलग्नता नसताना डिप्लोमा विकला, हाच तर प्रश्न आहे! कर्ज देणाऱ्या ॲपच्या कस्टमर केअरने गोड आवाजात सांगितलं की कोर्सचा वाद तुमच्यातला, हप्ता भरला नाही तर सिबिल (कर्जफेडीची पत) खराब होईल, वडिलांचंही. महिन्याला ८,७५० आजही कापले जातात. कोर्स बंद, संस्था बंद, कर्ज चालू.

यात कायद्याचीही एक फट आहे, ती ऐकून मी रडले. कोचिंग क्लासच्या खोट्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. शंभर टक्के निकाल, नोकरीची हमी, खोटे यशस्वी विद्यार्थी, या सगळ्यावर बंदी. पण त्यातल्या 'कोचिंग'च्या व्याख्येतून खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम वगळलेत. म्हणजे जेईईचा क्लास खोटं बोलला तर नियम आहे, आणि फिल्ममेकिंगचा क्लास बोलला तर त्याला 'सर्जनशील' म्हणून निसटायला वाट मोकळी. आमच्या नोटिशीला संचालकाच्या वकिलाचं उत्तर आलं की आम्ही शिक्षणसंस्था, शिक्षण ही सेवाच नाही, ग्राहक आयोगाला अधिकार नाही. हाच संचालक पोलिसांना सांगून आला होता की आमचे फक्त हौशी वर्कशॉप असतात. ठाण्यात हौशी आणि आयोगात शिक्षणसंस्था!

तरीही आयोगात जा. माझ्या माहितीपुरतं सांगते: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीची फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार लेखी, पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. अर्जात 'फसवणूक' एवढंच लिहू नका, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) (फसवून पैसे किंवा मालमत्ता घेणं) लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवातीपासूनच खोटं बोलल्याचा पुरावा जोडा. नाहीतर 'सिव्हिल मॅटर' हेच ऐकत बसाल. आमच्यासाठी तो पुरावा ती शोरीलच ठरली. एका मुलाने डेमोला फोनवर रेकॉर्ड केली होती. त्यातल्या गाडीच्या शॉटची फ्रेम रिव्हर्स इमेज सर्चमध्ये (चित्रावरून तेच चित्र इंटरनेटवर शोधणं) टाकली तर एका परदेशी स्टॉक साइटवर जशीच्या तशी मिळाली. हा शोध डेमोच्या दिवशी कोणीही पाच मिनिटांत लावू शकला असता.

हप्त्याचं कर्ज संस्थेच्या माणसाच्या फोनवरून, त्याने ओटीपी विचारत विचारत भरलं असेल तर त्याच दिवशी कर्जाचं की फॅक्ट स्टेटमेंट (व्याज, फी आणि अटी एकत्र लिहिलेलं पत्रक) मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात सुरुवातीला एक कूलिंग-ऑफ मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तोवरचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मला ते कोणी सांगितलं नाही, आणि ज्याने फॉर्म भरला तो कशाला सांगेल? 'प्लेसमेंट गॅरंटी' तोंडी असते, करारात 'असिस्टन्स' (म्हणजे फक्त मदत) लिहितात, तो शब्द शोधा. रोख देऊ नका. डिपॉझिटची पावती वेगळी घ्या. आम्हाला ती फीच्या पावतीतच 'इतर' म्हणून दिली आणि आता ते म्हणतात की डिपॉझिट घेतलंच नाही.

आमच्या चौतीस जणांपैकी अकरा जण तक्रारीत आहेत. बाकीच्यांचे आईवडील 'जाऊ दे, बदनामी होईल' म्हणतात. त्यातल्या कोणी हे वाचत असेल तर यूपीआयचं स्टेटमेंट, कर्जाचा करार आणि लग्नांच्या शूटचे कॉल टाइमचे (हजर राहायच्या वेळेचे) व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका. पुढच्या तारखेला आयोगात नेमकी तीच कागदपत्रं लागणार आहेत.