जपान रेल पास: पुण्याहून निघणाऱ्या मित्रमंडळींसाठी परीक्षण

टोकियो, क्योतो आणि हिरोशिमा मित्रांसह पाहायचे ठरले की पुण्यात पहिला सल्ला रेल पासचाच, म्हणजे ठरावीक दिवस जपानच्या रेल्वेने हवा तितका प्रवास करू देणाऱ्या तिकिटाचाच, मिळतो. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेल्यापासून तो सल्ला सरसकट मानण्याजोगा राहिलेला नाही. टोकियो ते हिरोशिमा जाऊन येण्याचा खर्च सुमारे ४०,००० येन होतो, आणि सर्वांत वेगवान नोझोमी गाडीसाठी पासधारकालाही वेगळे शुल्क भरावे लागते. म्हणून एवढ्याच शहरांसाठी सुटी तिकिटे घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनची सेवा मात्र मनापासून वाखाणण्यासारखी आहे. आसने फिरवून समोरासमोर बसता येते, त्यामुळे सहा जणांच्या गटाच्या गप्पा अखंड चालतात. टोकियोहून क्योतोकडे जाताना ‘ई’ क्रमांकाचे आसन मिळाले आणि आकाश निरभ्र असले, तर उजवीकडे फुजी पर्वत दिसतो.

हिरोशिमाच्या वाटेवर ओकायामाला अवश्य उतरावे. सिंहगड रस्त्यावरचे आपले पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्या धर्तीवर उभारले, ते कोराकुएन तिथे आहे, आणि पुणेकराने ते न पाहता पुढे जावे हे मला पटत नाही.

लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असल्यास या मार्गावर तिच्यासाठी जागेसह आसन आधीच आरक्षित करावे लागते.