दल लेकची हाऊसबोट, लाल सायकल आणि आमचे ४१,६०० रुपये

आम्ही मुलुंडचे. मी, नवरा, लेक आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे चौघं एप्रिलमध्ये श्रीनगरला गेलो होतो. सासूबाईंची खूप वर्षांची इच्छा होती की हॉटेलात नाही राहायचं, हाऊसबोटीवर राहायचं, तेही घरच्या माणसांसोबत. दल लेकवर बऱ्याच बोटींच्या मागे मालकाचं कुटुंब स्वतः राहतं, जेवण त्यांच्याच हातचं असतं, तेच आम्हाला हवं होतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला होता, काश्मिरी कुटुंबासोबत हाऊसबोट स्टे, बुकिंग मराठीतून. फोन केला तर समोरचा माणूस अगदी घरच्यासारखं बोलणारा, ठाण्यात ऑफिस आहे म्हणाला. "ताई, आजींची काळजी करू नका, शिकारा होडीतून उतरताना हात धरायला माणूस ठेवायला सांगतो चाचांना." हे ऐकलं आणि माझा विश्वास बसला. परक्या ठिकाणी आपली भाषा बोलणारं कोणी भेटलं की माणूस सैल पडतो आणि त्याला ते बरोबर माहीत होतं.

फोटो पाठवले, त्यात कोरीवकाम केलेलं अक्रोडाच्या लाकडाचं टेबल, लाल गालिचा, आणि कोपऱ्यात लहान मुलाची लाल तीनचाकी सायकल. ती सायकल बघून मला वाटलं खरंच घर आहे हे, फोटो काढायला मांडलेलं नाही. दोन खोल्या, चार रात्री, रात्रीचे ४,००० एका खोलीचे, म्हणजे ३२,०००. आधी १६,००० यूपीआयने दिले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी ट्रेडर्सचं, विचारलं तर म्हणाला अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीसाठी. मग दोन दिवसांनी म्हणे उरलेले आत्ताच भरले तर गुलमर्ग गोंडोलाची, म्हणजे तिथल्या केबल कारची, तिकिटं आणि शिकारा राईडपण करून देतो, चौघांचे ९,६०० वर. तेही भरले. एकूण ४१,६००. पावती आली, व्हाऊचर आलं, तिकिटांची पीडीएफ आली.

श्रीनगरला उतरलो तर माझा आणि नवऱ्याचा फोन बंद. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं, हे आम्हाला माहीत नव्हतं, त्या माणसाने सांगितलंही नव्हतं. लेकीचं ऑफिसचं सिम पोस्टपेड म्हणून निभावलं. तिच्या फोनवरून त्याला लावला तर स्विच्ड ऑफ. घाटावर एका शिकारेवाल्याला फोटो दाखवला, त्याने बोट लगेच ओळखली आणि घेऊन गेला.

पायरीवर बोटीचे मालक, चाचा, उभे होते. व्हाऊचर हातात घेतलं, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बोट तो हमारी है बेटा, पर ये बुकिंग हमारे पास नहीं है." आत डोकावले तर तेच टेबल, तोच गालिचा, आणि कोपऱ्यात ती लाल सायकल, तिचं एक हँडल तुटलेलं, फोटोतही ते तसंच होतं. चाचांचे फोटो त्या माणसाने उचलले होते. महिन्यात आमच्यासारखं हे तिसरं कुटुंब होतं त्यांच्या दारात, आणि आधीच्या एकांनी तर चाचांनाच चोर ठरवून आरडाओरडा केला होता, हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

बोट पूर्ण भरलेली होती. बाहेर थंडी, सासूबाई थकून गेलेल्या. चाचींनी मागच्या त्यांच्या राहत्या बोटीत आम्हाला जागा करून दिली, जमिनीवर गाद्या, गरम पाण्याच्या पिशव्या, आणि काहवा, म्हणजे काश्मिरी चहा. सासूबाईंच्या पायांवर शाल टाकून चाची बराच वेळ बसल्या होत्या. त्या रात्रीचे पैसे घ्यायला ते तयारच नव्हते, सकाळी बळेच दिले. दुसऱ्या दिवशी बाजूच्या बोटीवर खोल्या मिळाल्या, पैसे अर्थात पुन्हा भरले. गोंडोलाची तिकिटंही खोटी निघाली. ती सरकारी केबल कार कॉर्पोरेशनच्या साइटवरून प्रत्येकाच्या नावाने स्वतः काढता येतात, मधल्या माणसाची गरजच नव्हती.

पोहोचलो त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पण पैसे जाऊन तीन आठवडे झालेले. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर बँकेत अडवता येण्याची शक्यता असते, आमच्या वेळी खात्यात काही उरलंच नव्हतं. मुंबईला आल्यावर पावतीवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला, त्याला लॉगिनपण लागत नाही. नंबर सुरू होत होता २४ ने, म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचा असता तर २७ ने सुरू झाला असता. हे दोन मिनिटांचं काम मी पैसे भरायच्या आधी नंबर मागून केलं असतं तर तिथेच कळलं असतं, याचा मला अजून त्रास होतो. आणि दुसरं म्हणजे एक व्हिडिओ कॉल. चाचांना विचारलं तर म्हणाले, जो मागतो त्याला आम्ही बोट, वरची पाटी, घाट सगळं दाखवतो, अर्धा मिनिट लागतो. आम्ही मागितलाच नाही, आम्ही फक्त त्या ठाण्याच्या माणसाशी बोलत राहिलो.

परवा माझ्या बहिणीच्या ऑफिसमधल्या एकीला मेमधलं बुकिंग करायचं होतं, तिने मला फोटो पाठवले बघायला. नंबर नवीन होता. तिसऱ्या फोटोत कोपऱ्यात लाल सायकल, एक हँडल तुटलेलं. मी तिला तिथेच थांबवलं आणि चाचांचा नंबर दिला. संध्याकाळी तिचा फोन आला, चाचांनी व्हिडिओवर सगळी बोट फिरवून दाखवली, आणि चाचींनी विचारलं की मुलुंडच्या आजी बऱ्या आहेत ना.