‘बीस्टली’: कुरूपतेलाच घाबरलेली परीकथा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत परभणीला भावाच्या घरी, फराळाची भांडी आवरून झाल्यावर, नववीत शिकणारी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी यांच्यासोबत मी ‘बीस्टली’ हा २०११ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी चित्रपट पाहिला. निवड माझीच होती. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही फ्रेंच परीकथा मी गेली अनेक वर्षे आठवीच्या वर्गात मराठीतून सांगत आले आहे, आणि आजच्या मुलांच्या वयाची, त्यांच्याच शाळेतल्या वातावरणात बेतलेली आवृत्ती मिळाली तर ती गोष्ट त्यांच्या अधिक जवळ जाईल, अशी मला मनापासून आशा होती. ती आशा फोल ठरली, आणि का ठरली हे नीट मांडावे असे वाटते, कारण ही गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे.

गाब्रिएल-सुझान द विलनव यांनी ही कथा १७४० साली विस्ताराने लिहिली आणि जान-मारी लप्रॅन्स द बोमों यांनी १७५६ साली ती मुलींसाठी आटोपशीर केली. जगभर पसरली ती ही दुसरी. बुडालेला व्यापारी, धाकट्या मुलीने मागितलेले एक गुलाबाचे फूल, ते दुसऱ्याच्या बागेतून खुडल्याबद्दल बापावर आलेले संकट, आणि बापाऐवजी स्वतः त्या पशूच्या वाड्यात गेलेली मुलगी. पशू रोज रात्री जेवणाच्या वेळी तिच्याजवळ येऊन बसतो आणि एकच प्रश्न विचारतो, ‘माझ्याशी लग्न करशील?’ ती रोज नाही म्हणते, आणि तो ते नाही ऐकून घेतो. माझ्या आजीकडेही नागाशी लग्न लागलेल्या मुलीची एक गोष्ट होती. ती सांगताना आजी हमखास थांबायची आणि म्हणायची, ‘तिनं मनानं हो म्हणल्याबिगर कात गळत न्हाई, बाई.’ या जातीच्या सगळ्या गोष्टींचा जीव त्या मनापासूनच्या ‘हो’मध्ये असतो.

डॅनियल बार्न्झ दिग्दर्शित हा चित्रपट अॅलेक्स फ्लिन यांच्या २००७ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. न्यूयॉर्कमधल्या श्रीमंतांच्या शाळेतला काइल (अॅलेक्स पेटिफर) रूपाच्या गर्वाने फुगलेला आहे. केन्ड्रा (मेरी-केट ओल्सन) या वर्गमैत्रिणीचा तो चारचौघांत पाणउतारा करतो. ती चेटकीण निघते आणि त्याला शाप देते. वर्षभरात कोणीतरी त्याच्यावर प्रेम करत असल्याचे बोलून दाखवले तरच मूळ रूप परत मिळेल. टीव्हीवर बातम्या देणारा बाप मुलाला ब्रुकलिनमधल्या एका घरात नेऊन ठेवतो, सोबतीला घरकाम करणारी झोला आणि एक अंध शिक्षक देतो, आणि स्वतः फिरकत नाही. इथपर्यंत पाया उत्तम आहे. दिसण्यावर पोट भरणाऱ्या बापालाच मुलाचा चेहरा नकोसा व्हावा, ही कल्पना मूळ कथेत नाही, आणि ती आजच्या काळाला नेमकी लागू पडते.

मात्र शाप लागल्यानंतर पडद्यावर जो चेहरा येतो, तिथेच चित्रपट कोलमडतो. डोक्यावरचे केस गेले आहेत, चेहऱ्यावर व्रण आणि गोंदल्यासारखी नक्षी आहे, परंतु नाक-डोळे जागच्या जागी रेखीव आहेत आणि शरीर व्यायामशाळेतले आहे. भाची लगेच म्हणाली, ‘आत्या, हा वाईट दिसतच नाही की.’ पंधरा वर्षांच्या मुलीला पहिल्या दृष्टिक्षेपात जे कळले, ते रंगभूषाकार आणि दिग्दर्शक यांच्या ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही. नायकाचे पोस्टर बिघडू नये एवढी काळजी घेतली गेली आणि त्यापायी गोष्टीतली कसोटीच काढून टाकली गेली.

हे मला इतके का लागले ते सांगते. सेलूला शाळेत असताना स्टोव्हच्या भडक्यात उजवा गाल आणि मान भाजलेली एक मुलगी आमच्या वर्गात होती. ती रोज घंटेच्या आधी येऊन भिंतीला लागून असलेली बाकाची उजवी कड धरायची, म्हणजे भाजलेला गाल भिंतीकडे राहायचा. कोणी हाक मारली तर मान न वळवता ती फक्त नजर वळवायची. दहावीपर्यंत आम्ही तिला समोरून फारसे पाहिलेच नाही. चेहऱ्यावरून माणसाला बाजूला काढले जाते तेव्हा त्याचे चालणे, बसणे, बोलणे सगळे त्या चेहऱ्याभोवती बेतले जाते. काइलच्या वाट्याला एकटेपण येते खरे, पण ते ऐसपैस घरातले आहे आणि ते त्याच्या अंगात मुरलेले कुठेच दिसत नाही.

नायिका लिंडीच्या (व्हॅनेसा हजेन्स) बाबतीत तर अधिकच अन्याय झाला आहे. मूळ कथेतली मुलगी बापासाठी स्वतःहून जाते, हा तिचा निर्णय असतो. इथे तिचा बाप व्यसनी आहे, अमली पदार्थ विकणाऱ्यांशी झालेल्या झटापटीत त्याच्या हातून एकाचा जीव जातो, आणि काइल त्या प्रसंगाचा फायदा घेऊन, तिच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून, बापाशी परस्पर ठरवून तिला आपल्या घरी आणवतो. एका मुलीला तिच्या मनाविरुद्ध असे ठेवणे किती गंभीर आहे, याचा विचार करायला पटकथा क्षणभरही थांबत नाही. माझ्या शेजारी तीन शाळकरी मुली बसल्या होत्या, म्हणून मला तो भाग विशेष खटकला आणि चित्रपट थांबवून मी त्यांच्याशी त्याबद्दल बोलले.

भारी भेटवस्तू देऊनही लिंडी बधत नाही तेव्हा काइल तिच्यासाठी काचघर उभारून गुलाब लावतो. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या हाताने काही करतो आहे, आणि हा प्रसंग सावकाश फुलवला असता तर चित्रपट सावरला असता. गुलाबाची फांदी लावली की तिला फुटवा येईपर्यंत रोज कुंडीशी जाऊन पाहावे लागते, हे आमच्याकडे अंगणात चार कुंड्या असलेली कोणीही बाई सांगेल. पडद्यावर ते सगळे घाईघाईने उरकले जाते. रोज रात्रीचा तो प्रश्नही उरलेला नाही, त्यामुळे नकार पचवायला शिकणारा पशू इथे भेटतच नाही.

शेवट तर फारच उथळ आहे. बोमोंच्या कथेत मुलगी आठवडाभरासाठी माहेरी जाते. ती पहिल्यांदा घर सोडून निघाली तेव्हा डोळ्यांना कांदा चोळून खोटे रडलेल्या मत्सरी बहिणी आता केस उपटत रडतात आणि तिला अडकवून ठेवतात. ती उशिरा परत येते तेव्हा पशू मरणाच्या दारात असतो, आणि तिला स्वतःचे मन तिथे कळते. इथे लिंडी सहलीला निघता निघता प्रेमाचे शब्द बोलते, शाप सुटतो, आणि समोरचा मुलगा तोच आहे हे तिला मोबाइल वाजल्यामुळे समजते.

दोन गोष्टी मात्र मनापासून आवडल्या. अंध शिक्षक विल याच्या भूमिकेत नील पॅट्रिक हॅरिस यांनी जो सहज, न कुरकुरणारा माणूस उभा केला आहे, तो पडद्यावर आला की प्रत्येक वेळी संवादांना वजन येते. दुसरी गोष्ट म्हणजे काइलच्या हातावरचे गोंदलेले झाड, जे ऋतूंप्रमाणे बदलत त्याची मुदत दाखवत राहते. ही कल्पना खरोखर सुंदर आहे.

चित्रपट दीड तासाच्या आतच संपतो. मुलांना दाखवायचा असेल तर आधी मूळ गोष्ट सांगावी आणि बाप मुलीला परस्पर सोपवतो त्या प्रसंगाशी थांबून बोलावे. आमच्या घरी क्रम उलटा झाला. त्या रात्री गच्चीवर अंथरुणे घातल्यावर मुलींनी मूळ गोष्ट ऐकायला मागितली, आणि कांद्याचा प्रसंग मला दोनदा सांगावा लागला.